समोरच्या पायऱ्या

माघातली दुपार कलू लागली, मैदानाच्या तांबड्या मातीवर आमच्या सावल्या लांबत चालल्या, की माझ्या उजव्या अंगाला हळदीचा वास येई. वाळलेल्या हळकुंडांचा तो उग्र, मातकट, किंचित कडवट वास किसनअण्णांच्या सदऱ्याला असे, टोपीला असे, खांद्यावरच्या टॉवेललाही असे. भुवयांच्या केसांत, कानांच्या पाळ्यांमागे, नखांच्या कडांना पिवळेपणा असा मुरलेला की, सांगलीच्या बाजारातून सिटी बसने मिरजेला आलेला हा पन्नाशीचा माणूस एखाद्या लग्नघरातून अर्ध्या विधीत उठून आल्यासारखा दिसे. आणि मग त्या पिवळ्या माणसाच्या छातीतून तो आवाज निघे.

अण्णा मूळचे कुंडलचे. तरुणपणी सांगलीत हमालीला आले आणि पुढे आवाजाच्या बळावर हळदीच्या सौद्यात पुकारा करू लागले. पोती फोडून हळदीचे ढीग मांडलेले, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, आणि ढिगाच्या माथ्याशी उभे राहून अण्णा बोली चढवीत नेत. सकाळभर आकडे पुकारून दुसऱ्या कुणाचा घसा बसला असता. अण्णांचा तापून निघे. सामन्याच्या दिवशी तो तापलेला घसा घेऊन ते थेट मैदानावर येत. आमचा फुटबॉलचा संघ म्हणजे मिरजेतल्या खालच्या पेठेचा. त्याचा चेंडू मधल्या रेषेपाशी रेंगाळू लागला की अण्णा मान किंचित मागे टाकीत, डावा तळहात कानाशी नेत आणि हाक देत, "म्होरं रंऽऽ!" ती हाक ओरडल्यासारखी नसे. सकाळी पाटाचं पाणी सोडल्यावर ते कोरड्या सरीतून जसं आधी चाचपडत आणि मग भरभरून धावतं, तशी ती पायऱ्यांवरून उतरत, पसरत, मैदानाच्या पार पलीकडच्या कडेला जाऊन आपटे. आणि तिच्या पाठोपाठ आम्ही सारे, शेकडो गळे, एकच शब्द परत देत असू, "म्होरं!"

मैदान संस्थानकाळातलं. दोन बाजूंना काळ्या दगडाच्या पायऱ्या, त्यांच्या सांध्यांतून उगवलेलं गवत, आणि दोन टोकांना गोलांच्या मागे नुसतीच उघडी जमीन. पायऱ्या उंच होत्या आणि अरुंद. बसलं तर गुडघे पुढच्याच्या पाठीत रुतत. म्हणून तिथं कुणी बसतच नसे. पश्चिमेच्या पायऱ्या खालच्या पेठेच्या, पूर्वेच्या रेल्वे चाळीच्या, ही वाटणी कुणी केली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ती मोडायची कुणाची छाती नव्हती. सूर्य आमच्या पाठीमागे मावळे आणि समोरच्या लोकांच्या डोळ्यांत जाई, एवढी एक सवलत नशिबानं आम्हाला दिलेली होती.

मी वाईचा. कृष्णेच्या घाटावर वाढलेला. घाटाच्या पायऱ्या पाण्याकडे उतरतात आणि उतरता उतरता माणसाचा आवाज हळू करतात; पायऱ्यांचा एवढा एकच स्वभाव मला माहीत होता. नव्वद सालानंतरची ती वर्षं. वडील नुकतेच गेले होते, मी मिरजेच्या एका शाळेत मराठी शिकवायला आलो होतो, आणि भाड्याच्या खोलीत संध्याकाळी सात वाजेपर्यंत दिवा लावायचंही मनात येत नसे. अशाच एका संध्याकाळी कौलांवरून तो सामुदायिक गजर माझ्या खोलीत आला. मी चपला अडकवून त्याच्या मागे निघालो, आणि थोड्या वेळानं अनोळखी खांद्यांच्या दाटीत, एका काळ्या पायरीवर, जेमतेम टाचा टेकवून उभा होतो.

शेजारच्या पिवळ्या माणसानं माझ्या पायांकडे पाहिलं.

"मास्तर, पाय आडवा रोवा. गोल झाला की समदी खाली येत्यात."

मी मास्तर असल्याचं त्यांना कशावरून कळलं कोण जाणे. पण मी पाय आडवा रोवण्याआधीच गोल झाला. सारी पायरी एकदम पुढे कलली, वरची माणसं खालच्यांवर ओतली गेली, माझ्या पायांखालचा दगड नाहीसा झाला. आणि त्याच क्षणी माझं कोपर एका राकट मुठीत आलं. लाट उतरली, जो तो हसत आपापल्या जागी परतला, तेव्हा कळलं, त्या गर्दीत आपल्या पायरीवरून न हललेले आम्ही दोघेच होतो. त्या दिवसापासून दर गोलाला अण्णांनी माझं कोपर धरलं. पुढे पाय रोवायला मी शिकलो, तरी धरलं. मला आता वाटतं, त्या वर्षांत मिरजेत मला धरून ठेवणारं दुसरं काही नव्हतं.

अण्णांना खेळ फार कळत होता असं मी म्हणणार नाही. ऑफसाइड ही भानगड त्यांनी कधी समजून घेतली नाही. पंचाची प्रत्येक शिट्टी ही खालच्या पेठेवर झालेला अन्याय, एवढं त्यांना पुरे होतं. त्यांना कळे ती गर्दी. ती केव्हा दमली आहे, केव्हा घाबरली आहे, हे त्यांना पाठीवरच्या वाऱ्यासारखं समजे, आणि नेमक्या त्या वेळी त्यांचा हात कानाशी जाई. सामना संपला की मात्र ते गप्प होत. बस थांब्यापर्यंत मी त्यांच्यासोबत चाले, कधी बसने सांगलीला त्यांच्या घरापर्यंतही जाई. त्या साऱ्या वाटेवर ते बोललेच तर "व्हय" किंवा "न्हाई". आवाजाचं धान्य जणू त्यांनी मोजून भरून ठेवलेलं होतं आणि ते कुठं सांडायचं नाही हे पक्कं ठरवलेलं होतं.

मग एका हंगामात आवाजाला कीड लागली. आधी तो खरखरला. हळदीची धूळ, असं बाजारात म्हणाले. अण्णा गुळण्या करीत, ज्येष्ठमध चघळीत, आणि पुकारा करीत राहिले. मग हाकेच्या टोकाचा तो धावणारा भाग गळून पडला. पाणी सरीच्या तोंडाशीच जिरू लागलं. होळीच्या सुमारास त्यांच्या पत्नी, शांताक्का, मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळीत त्यांनी मला सांगितलं की घशात गाठ आहे, ती वाईट आहे, आणि डॉक्टर म्हणतात की आवाजाची पेटीच काढावी लागेल. काढली नाही तर पुढचा हंगाम दिसेल याचा भरवसा नाही. अण्णा तयार नव्हते. मी त्यांना समजवावं म्हणून त्या आल्या होत्या.

मी संध्याकाळी गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं पांढरं फूल. अण्णा उंबऱ्याशी बसले होते. मी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. ती सारी त्यांच्या एका प्रश्नापुढं पडली.

"मास्तर, घसाच काढायचा म्हंत्यात," ते फाटक्या आवाजात म्हणाले. "मग मागं ऱ्हायला त्यो कोन?"

शांताक्का आत मेथी निवडीत होत्या. मान वर न करता त्या बोलल्या.

"घरात तुमी कवा बोलता? समदा आवाज बाजारात, न्हाईतर मैदानात. माझ्या वाटनीला गप बसल्यालं मानूसच आलंया. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या मला."

त्यांच्या बोटांतली मेथीची काडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग अण्णांनी विचारलं, दवाखान्यात कवा जायचं.

भरती होण्याच्या आदल्या दिवशी सामना होता. साधाच, त्यात चषक नव्हता, काही ठरणार नव्हतं. ऊन तिरपं होऊन समोरच्या पायऱ्यांवर पसरलं होतं, आणि चेंडू दुपारपासून मधल्या रेषेच्या अलीकडेच घुटमळत होता. अण्णांनी मान मागे टाकली. हात कानाशी नेला. जे बाहेर पडलं ते जुनं धोतर फाटतं तसं होतं, कोरडं, आखूड. ते खालच्या पायरीपर्यंतही नीट पोचलं नसेल. मी शेजारी होतो म्हणून मला शब्द कळला. पण शेजारच्या चार-सहा जणांनी प्रतिसाद दिला, त्यांचा ऐकून त्यांच्या पलीकडच्यांनी दिला, आणि पाहता पाहता साऱ्या पायऱ्यांनी अशा एका हाकेला ओ दिली, जी त्यांच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलीच नव्हती. अण्णा पुन्हा हाक द्यायला गेले नाहीत. सामना गोलाविना संपला, तरी ते रिकाम्या मैदानाकडे तोंड करून उभे होते. मीही उभा राहिलो.

शस्त्रक्रिया नीट झाली. मानेच्या खळगीत श्वासासाठी एक छिद्र, त्यावर पांढऱ्या मलमलीची घडी. आणि तिच्यावर, बाहेर जाताना, मफलर. बाजारातल्या अडत्यानं त्यांना सोडलं नाही; हळदीच्या धुळीपासून लांब, पेढीच्या माडीवर त्यांना किरकोळ काम दिलं. खालून दुसऱ्या कुणाचा तरी पुकारा ऐकू येत असेल, आणि ते माडीच्या खिडकीशी बसत असतील. हळूहळू त्यांच्या अंगावरचा पिवळा रंग उतरला. त्याखालून निघालेला माणूस गव्हाळ, थकलेला होता, माझ्या ओळखीचा नव्हता. ओठ हलत, पण शब्द हवेतच राहत. भुवया, बोटं आणि खांदे यांनी बोलायला ते शिकत होते, आणि ती भाषा मीही त्यांच्याबरोबर शिकत होतो.

कार्तिकात नवा हंगाम लागला तेव्हा पहिल्या सामन्याला मी त्यांना घरून घेऊन आलो. पायऱ्यांवरच्या माणसांनी त्यांना जवळ घेतलं, पाठीवर हात ठेवले, त्यांची जागा मोकळी करून दिली. सामना सुरू झाला. चेंडू मधल्या रेषेपाशी आला, रेंगाळला. आणि कुणीच हाक दिली नाही. अण्णांच्या देखत ती कशी द्यायची, हा संकोच सगळ्यांनाच पडला होता. त्यांच्याजवळचे तर आपसांतही हलक्या आवाजात बोलत होते, दुखवट्याच्या घरी बोलावं तसे. तो संकोच एका पायरीवरून दुसरीवर झिरपत गेला, आणि खालच्या पेठेच्या त्या बोलभांड पायऱ्या पहिल्यांदाच मुक्या झाल्या. खाली खेळणारी पोरं वळून वळून वर पाहत होती. आम्ही हरलो. अण्णांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि मफलर नीट केला. त्यांना गर्दी कळत होती, हे मी सांगितलंच आहे.

पुढच्या सामन्याला त्यांच्या जागी कुणी नव्हतं. मी समजलो, प्रकृती बरी नसेल. अर्धा खेळ होत आला तेव्हा माझी नजर सहज पलीकडे गेली. पूर्वेच्या पायऱ्यांवर ऊन नुसतं सांडलं होतं. रेल्वे चाळीची सारी माणसं कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून खेळ पाहत होती. त्यांच्या मधोमध, कपाळावर हात न धरता, एक माणूस उभा होता. गळ्याशी पांढरं काही चमकत होतं.

मी गोलाच्या मागून वळसा घालून पलीकडे गेलो. खालच्या पेठेचा माणूस त्या पायऱ्या चढताना पाहून काहींनी भुवया उंचावल्या, पण कुणी अडवलं नाही. मी शेजारी उभा राहिलो तसं अण्णांनी न पाहताच माझं कोपर धरलं. इथं त्यांना कुणी संकोचत नव्हतं. आजूबाजूचे लोक आपल्या संघासाठी मनमुराद ओरडत होते, आमच्या संघाला आईबहिणीवरून बोलत होते, आणि त्या गदारोळात अण्णांचं मौन कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

खेळ पुन्हा सुरू झाल्यावर थोड्या वेळानं समोरच्या, म्हणजे आमच्या, पायऱ्यांवर हालचाल दिसली. कुणी तरी मान मागे टाकली होती. अण्णा तिथं नव्हते. संकोचाचं कारण उरलं नव्हतं. हाक आली ती कच्ची, बेसूर. आणि मग सगळ्या पायऱ्यांनी तिला उत्तर दिलं. आधी हात उंचावलेले दिसले, तोंडं उघडलेली दिसली, आणि एवढं मैदान ओलांडून आवाज मागाहून आला, "म्होरं!" तो छातीवर येऊन आदळला. माझ्या कोपरावरची मूठ आवळली. अण्णांनी दुसऱ्या हातानं माझं तोंड आपल्याकडे वळवलं, कानाला बोट लावलं, मग समोर दाखवलं, आणि मग तोच हात उताणा करून, भुवया उंचावून, माझ्यापुढं धरला. ऐकलंत? मला तेव्हा उमगलं की आयुष्यभर हा माणूस त्या आवाजाच्या आत उभा होता. नदीतल्या माशाला नदी कशी दिसते ते कळू नये, तसा तो आवाज बाहेरून कसा येतो हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. समोर ऊन होतं, म्हणून मी काही विचारलं नाही.

ते आमच्यासाठी पलीकडे गेले की स्वतःसाठी, हे मी पुढेही विचारलं नाही. दोन हंगाम आम्ही तिथंच उभे राहिलो. आपल्या संघानं गोल केला तरी तोंडावर आनंद दिसू द्यायचा नाही, हे अवघड व्रत आम्ही पाळलं. आमचा सारा जल्लोष त्या कोपरावरच्या मुठीत मावत असे. चाळीतली माणसं सरावली. रेल्वेचे सांधे बदलणारा एक म्हातारा पॉइंट्समन चहाची किटली आली की पहिला पेला अण्णांच्या हातात देई आणि मला म्हणे, "तुमी मास्तर नंतर घ्या, ह्ये आमचं पावनं हायत."

तिसऱ्या हंगामाच्या फाल्गुनात दुखणं उलटलं. बाजारात हळदीचा भर होता, तेव्हा एका दुपारी अण्णा गेले. अंत्ययात्रेत खालची पेठ होती, अडत्याच्या पेढीवरची माणसं होती, आणि मागे, जरा अंतर राखून, रेल्वे चाळीतले काही जण चालत होते. पुढच्या रविवारी सामना होता. मी कुठं जाऊन उभं राहावं ते मला कळेना. पाय मात्र वळसा घालून पूर्वेच्या पायऱ्यांकडेच गेले. पॉइंट्समननं माझ्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून जागा केली. थोड्या वेळानं रेल्वे चाळीनं गोल केला. वरची सारी माणसं खाली ओतली गेली. मी पाय आडवा रोवला नव्हता. दोन पायऱ्या खाली, एका परक्या माणसाच्या पाठीवर जाऊन मी थांबलो, तेव्हा माझं उजवं कोपर दगडावर घासून रक्ताळलेलं होतं. हुंदका आला तो तेव्हा आला. चितेपाशी आला नव्हता.

पायऱ्या त्यानंतर फार टिकल्या नाहीत. रस्त्याकडच्या बाजूला गाळे निघायचे होते, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा गॅलरीवजा कट्टा, त्यावर खुर्च्या. उन्हाळ्यात पहारी चालल्या, काळे दगड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडू लागले, आणि कुणाच्या तरी मळ्यातल्या विहिरीला ते लागले असं नंतर ऐकलं. आता लोक बसून खेळ पाहतात. दोन्ही बाजूंची माणसं एकाच कट्ट्यावर असतात, आणि गोल झाला तरी कुणी कुणाच्या अंगावर येत नाही.

शांताक्का कराडजवळच्या मलकापूरला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. वाईला जाताना मी एकदा कराडला उतरलो आणि त्यांच्याकडे गेलो. अंगणात शेवग्याच्या सावलीत बाजेवर बसवून त्यांनी पाणी दिलं, लेकीला चहा ठेवायला सांगितला, माझ्या आईची चौकशी केली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मी त्या मैदानावर एकदाबी आले न्हाई. बायका कुटं येत हुत्या? तितं ते कसं असायचं, ते सांगा की मला."

मी सांगत गेलो. उभं राहणं, मान मागे टाकणं, पंचावरचा राग, पलीकडच्या पायऱ्या, सगळं. त्या हसल्या, काही ठिकाणी खोटं वाटून माझ्याकडे रोखून पाहू लागल्या. एवढा मोठा आवाज त्या घरात कधी आलाच नव्हता. मग त्या सांगू लागल्या, मी भाकरी भाजताना ते चुलीजवळ येऊन बसायचे, बोलायचे नाहीत. जाळ उतरला की न सांगता लाकूड आत सारायचे. मला ताप असला की उशाशी रात्र काढायचे आणि सकाळी नुसतं कपाळाला हात लावून कामाला जायचे. लेक सासरी निघाली तेव्हा सारे रडले, आणि हे गाडीच्या चाकातले दगड काढत बसले. असलं कितीतरी, पायऱ्यांवरच्या शेकडो माणसांपैकी एकालाही ठाऊक नसलेलं.

चहा निवला, शेवग्याची सावली बाजेवरून सरकून भिंतीवर चढली, आणि आम्ही दोघं आपापल्याजवळचं एकमेकांसमोर ठेवीत राहिलो. त्या दुपारी मला वाटलं, एवढ्या वर्षांनी हा माणूस आज प्रथमच कुठं तरी पुरता जमा झाला आहे. मग माझी बस निघायची वेळ झाली. त्या फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, येत जावा. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा त्या नव्हत्या. त्यांच्याबरोबर त्यांच्याजवळचा किसन गेला होता, आणि माझ्याजवळचा तेवढा माझ्याकडे उरला होता. गेलेलं माणूस एका दिवसात जात नसावं. ज्यांनी ज्यांनी त्याला पाहिलं ते एकेक करून निघून जातात, आणि प्रत्येकाच्या हाती ते थोडं थोडं जात राहतं, कुणाला चाहूलही न लागता.